डोळ्यातलं औषध घशात

टक्.

काचेच्या नळीचं टोक बाटलीच्या काठाला लागलं, एवढंच. पण दुपारचं सगळं घर निजलेलं, रस्ताही उन्हानं गप्प झालेला, आणि तेवढ्याशा आवाजानं माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या पमानं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

"उघड ना बाळा."

"नाही. मग घशात येते."

"काय येते?"

"औषध. कडू कडू."

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या निजल्या तरी त्यांचे कान निजत नाहीत. "डोळ्यातलं औषध घशात येते म्हणे. नखरे आहेत पोरीचे. तूच लाडावून ठेवलं वं तिले, देवकी."

मी पमाची पापणी बोटानं वर धरली आणि थेंब सोडला. तिनं मान हलवली, थेंब गालावरून कानाकडे ओघळला. तोवर सासूबाई दारात येऊन उभ्या होत्याच.

"गेला. अशानं कसा बरा होईल तो डोळा?"

पमा सात वर्षांची. दिवाळीनंतर तिनं एक खेळ काढला होता. डावा डोळा हातानं झाकायचा आणि माझ्याकडे बघून हसायचं, "आई, तुझं नाक गेलं." मग हात उजव्या डोळ्यावर न्यायचा, "आलं." मी पोळ्या लाटत होते. ते "आलं" ऐकलं आणि लाटणं तिथंच ठेवलं. त्याच संध्याकाळी आम्ही तिला भैयाजींकडे नेलं.

भैयाजी म्हणजे यांचे मोठे चुलत भाऊ. सदर भागात त्यांचा दवाखाना. घरातला ताप, खोकला, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. "वरून डोळा एकदम साफ आहे. म्हणजे सूज आत आहे, मागच्या पडद्याले. हे थेंब टाका. मुरत मुरत जाते मागं, लोणच्यात मीठ मुरते तसं."

तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ थेंब. आणि पमाच्या उजव्या डोळ्यातून मी हळूहळू पुसली जात होते. आधी नाक गेलं. संक्रांतीला तोंडही गेलं. होळीपर्यंत ती सांगायला लागली, "आई, तुझे केस दिसतात अन् कानातले दिसतात. मधात काही नाही."

दर वेळी भैयाजी एकच विचारत, "बराबर टाकता ना?" आणि सगळं घर माझ्याकडे बघे. माझा हात थरथरतो. मी फार उंचावरून सोडते. मी पोरीला रडू देते, म्हणून औषध वाहून जातं. हे म्हणाले, "जरा लक्ष देऊन टाकत जा ना." शेजारच्या शोभाताईसुद्धा येऊन मला पापणी कशी धरायची ते शिकवून गेल्या. मी इतकी खजील झाले की स्वयंपाक आवरल्यावर ओट्यावर चिंचोका ठेवून त्याच्यावर नळीनं पाण्याचा नेमका थेंब पाडायची सवय करत बसे. चिंचोका चुकेनासा झाला. पमाच्या नजरेतला तो मधला डाग मात्र वाढतच होता.

"दुसऱ्या कोणाला दाखवू या का?" मी यांना विचारलं.

"भैयाजीले काय वाटेल?"

भैयाजींना काय वाटेल. पमाला काय दिसेल, हे मागाहून.

म्हणून एक दिवस फ्रॉकचं कापड आणायला बर्डीच्या बाजारात जाते असं सांगून मी तिला घेऊन निघाले. रिक्षा तिथल्या व्हरायटी चौकात न थांबवता तशीच पुढे मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई बसतात असं ऐकलं होतं. वयानं मोठ्या, आवाज खडा. आत पाहता यावं म्हणून पमाच्या डोळ्यात काहीतरी टाकायला त्यांनी नळी उचलली, तर पमा मागं सरकली.

"हे पण घशात येईल?"

बाईंचा हात थांबला. "येतं का तुझ्या घशात?"

"येते. कोणी मानतच नाही."

"मी मानते." त्यांनी तिच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "इथं एक बारीक मोरी आहे. डोळा आपलं अंगण सारखं धूत असतो आणि पाणी या मोरीतून नाकात, तिथून घशात. मी ही दाबून धरते, मग नाही लागणार कडू." आणि खरंच धरली. पमानं आवंढा गिळून पाहिला, माझ्याकडे बघून मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कोणीतरी तिला खरं मानलं होतं.

औषधानं डोळ्यातली बाहुली मोठी झाल्यावर बाईंनी कपाळावर दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. मग मला विचारलं, "थेंब कधीपासून?"

"दिवाळीपासून. मीच टाकते. माझा हात जरा..."

"हाताचा काय संबंध? तुम्ही टाका नाहीतर मी टाकते, थेंब दारातच राहतो. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या सुजेला तो ठीक आहे. हिची सूज पार मागच्या भिंतीला आहे. थेंब टाकून तिथं औषध पोचवायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. सापडली तर मी पेढे वाटीन."

डोळ्याच्या बाजूनं सुई देऊन औषध मागं न्यायचं आणि सोबत गोळ्या, असं त्यांनी सांगितलं. "गेलेलं किती परत येईल, ते मी सांगत नाही. उरलेलं राखू. वडिलांना घेऊन या, पण वेळ घालवू नका."

बाहेर आल्यावर मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. असा राग की रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर पत्ता आठवेना. मी त्या पोरीला दिवसातून तीनदा दाबून धरलं होतं. चिंचोक्यावर नेम धरत बसले होते. आणि जो थेंब कोणाच्याही हातानं पोचणारच नव्हता, तो पोचला नाही म्हणून सगळ्या घरानं मला आरोपीसारखं उभं केलं होतं.

संध्याकाळी भैयाजी चहाला आले. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"सुई?" सासूबाईंच्या हातातली बशी कलली. "पोरीच्या डोळ्यात सुई? आंधळी करता का तिले?"

भैयाजी हसले. "काकू, बडे डॉक्टर असेच घाबरवतात. थेंब बराबर गेले असते तर आतापर्यंत फरक पडला असता."

"मग आज तुम्हीच टाका, भैयाजी," मी बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर माझा आवाज इतका मोठा कधी झाला नव्हता. हे माझ्याकडे बघत राहिले.

भैयाजींनी पमाला जवळ घेतलं आणि थेंब टाकला. नेमका. गालावर एक टिपूसही नाही.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या.

पमानं आवंढा गिळला. "आलं घशात."

"खोटं बोलून राहिली," सासूबाई भडकल्या. "भैया, माझ्या डोळ्यात टाक गा एक. पाहू दे मले, कसं येते घशात."

"काकू, तुम्हाले काहून?"

"टाक म्हणते ना."

त्या मान मागे टाकून बसल्या. थेंब पडला. त्या डोळे मिटून राहिल्या, विजयी चेहऱ्यानं. मग त्यांचं तोंड हळूहळू वाकडं झालं, जिभेनं टाळू चाचपली, आणि त्या उठून थेट मोरीकडे गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा.

परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या. पमाकडे त्यांनी पाहिलं नाही. "भैया," त्या म्हणाल्या, "हे तर जहर कडू आहे गा. अन् पोरगी हे रोज गिळून राहिली होती?"

भैयाजींनी कप खाली ठेवला. "मी तर केव्हापासून म्हणत होतो, एकदा मोठ्या डॉक्टरले दाखवून घ्या."

ते असं कधीच म्हणाले नव्हते. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्या जाऊ." पमासाठी तेवढं मला पुरे होतं. माझ्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुई झाली. पमाचे पाय यांनी धरले, डोकं मी धरलं. ती एकदाच किंचाळली, नंतर माझ्या अंगठ्याला घट्ट धरून पडून राहिली. बाई म्हणाल्या, डाग थांबला की नाही ते काही दिवसांनी कळेल.

रिक्षातून उतरलो तेव्हा सासूबाई फाटकात शोभाताईंना सांगत होत्या, "आमी वेळेवर नेलं म्हणून बरं. अन् देवकीचा हात असा, थेंब टाकताच येत नाही तिले."

मी बोलले असते तर थांबले नसते. पमाला आत नेलं, पट्टीचा डोळा सांभाळत डोक्याखालची उशी नीट केली आणि ती बाटली उचलून मोरीत उलटी केली. सगळं औषध वाहून जाईपर्यंत उभी राहिले.

पमा चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

"आई, थेंब मागं जातच नव्हते ना?"

"नव्हते, बाळा."

"मग सगळे तुले काहून रागवत होते? अन् आजी आत्ता फाटकातही तुलेच काहून बोलली?"