उतरण्याची वेळ

मी वही बोलतेय. वैमानिकाची वही. त्या जगात मला लॉगबुक म्हणतात आणि माझ्यावाचून तिथे कुणाचं पान हलत नाही. विमान किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, चालवत कोण होतं, हे सगळं माझ्या रकान्यांत भरतात. तासांची बेरीज भरपूर असेल तर नोकरी, नसेल तर बसा घरी.

पण आधीच सांगून टाकते, मी अस्सल नाही. नक्कल आहे. माझ्याआधी एक वही होती. तिच्यावर चहा सांडला, ती खराब झाली, म्हणून मला आणलं, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. चहा सांडला हे खरं. तो सांडला नव्हता, ओतला होता, हेही खरं.

माझी मालकीण चोवीस वर्षांची. दोघी बहिणींत लहान, म्हणून घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. परवाना हातात पडून दीड वर्ष झालं होतं, गणवेश कपाटात टांगून टांगून खांद्यावर पिवळा पडला होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता. जुन्या वहीत दोनशे सहा तास होते. ज्या कंपनीची जाहिरात आली होती तिला अडीचशे हवे होते. "ही शेवटची," असं ती म्हणाली होती. ही हुकली तर विमानाचं नाव काढणार नव्हती.

एका दुपारी ताई तिचा बायोडेटा टाइप करून द्यायला बसली. ताई शाळेत कारकून, असले कागद तिच्या हाताखालून रोज जायचे.

"अनुभवात काय लिहू गं?"

"तोच तर नाहीये."

"मग लिहिते, लहानपणी पलंगावरून दोनदा पडली आहे. उंचीची सवय आहे."

धाकटी हसली, पण नुसतं तोंडाने. "तास लिही. अडीचशे."

"दोनशे सहा म्हणाली होतीस ना?"

"होतील अडीचशे. तू लिही तर खरं."

ते कसे होणार, ते ताईला कुठलं कळायला! नवशिके वैमानिक आपापसात त्याला पेनाने उडणं म्हणतात. विमान हलत नाही, पेन हलतं. जुनी वही खराब करायची, नवी आणायची, खऱ्या ओळी उतरवता उतरवता मध्ये चार खोट्या घुसवायच्या. धाकटीने चार नाही, वीस घुसवल्या. चव्वेचाळीस तास.

त्यातली अडचण एकच. विमानाचीही स्वतःची वही असते. कुणी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की चोरी उघडी पडते. त्यावर धाकटीने जी शक्कल काढली, ती आठवली की माझी पानं अजून थरथरतात. सगळे खोटे तास तिने पिवळीच्या नावावर लिहिले.

पिवळी म्हणजे धाकटी जिथे उडायला शिकली त्या फ्लाइंग क्लबचं दोन आसनांचं जुनं विमान. दोन वर्षांपूर्वी ते मोठ्या तलावात पडलं. पंखाचा एक तुकडा तेवढा मिळाला. विमानाची वही विमानातच होती, ती विमानाबरोबर गेली. आणि चालवत होता लंबू, धाकटीच्याच तुकडीतला. गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागायचं त्याला, इतका उंच. तोही मिळाला नाही. पाण्याखालच्या वहीशी कोण पडताळून बघणार, असा तिचा हिशेब होता. माझ्या मते असा हिशेब करायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं. तिचं तसं नव्हतं. पण तिने लिहिलं.

खऱ्या ओळींचं एक असतं. त्या उतरवल्या जातात तेव्हा मला सगळं ऐकू येतं, इंजिन, वारा, चाकं टेकल्यावरचा धक्का. खोट्या ओळी मुक्या. एकोणीस ओळी तशाच मुक्याने आल्या. विसावी लिहिली आणि मला इंजिन ऐकू आलं.

झालं होतं असं. पिवळी गेली त्या आठवड्यात धाकटी तापाने घरी होती. बातमी तिला शुक्रवारी कळली, म्हणून अपघात शुक्रवारचा असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटची ओळ तिने गुरुवारची टाकली. उड्डाण एक वीस, उतरणं तीन तीस, चालक ती स्वतः. पण लंबू गेला होता तो गुरुवारीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उघडलं तर ती ओळ ओली होती आणि उतरण्याचा रकाना कोरा होता.

"पेनात काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली आणि पुन्हा लिहिलं. दुपारी रकाना कोरा. पेन बदललं, शाई बदलली, पानावरून गरम इस्त्री फिरवली. चटके सोसले मी, पण काय करू? वेळ माझ्यावर टिकतच नव्हती. बेरीज करायला बसली की दोनशे सत्तेचाळीस तास पन्नास मिनिटं. अडीचशे काही होईनात.

"तुझा चेहरा असा का झालाय?" ताईने विचारलं.

"झोप नाही झाली," ती म्हणाली.

नकलेवर मुख्य प्रशिक्षकांची सही लागते. ते क्लबच्या रेडिओच्या खोलीत बसत. सगळे त्यांना सर म्हणत आणि सर डोळे झाकून सही करतात ही त्यांची ख्याती. धाकटीने दारातच मला गुडघ्यावर घेऊन तीन तीस लिहिलं, फुंकर मारली आणि आत गेली.

सरांनी भराभर पानं उलटली. त्या पानाशी बोट थांबलं. ओल लागली असावी.

"अगं, इथे वेळ राहिली की लिहायची."

धाकटी रडकुंडीला आली होती. पेन काढत ती बोलून गेली, "सर, उतरण्याची वेळ काय लिहू?"

सरांचा हात पानावरून उचलला गेला.

"परत बोल," ते म्हणाले.

"उतरण्याची वेळ, सर. काय लिहू?"

"त्या गुरुवारी इथे मीच बसलो होतो," सर हळू बोलू लागले. "लंबू एकटा होता. मी स्वतः त्याला सोडलं, दार मी लावलं. दीड तास त्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला आणि एक मुलगी बोलली. हेच विचारलं तिने, याच आवाजात. मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाले असते." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू त्या विमानात काय करत होतीस?"

"नव्हते, सर! आईची शपथ, मी नव्हते! खोटं लिहिलंय मी. मला नोकरी हवी होती हो..." आणि ती टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मला भीती वाटत होती आणि तिची कीवही येत होती.

सर रागावले नाहीत. त्यांनी पट्टी आणि लाल पेन पुढे सरकवलं. तिने एकेक करून वीसही ओळी खोडल्या. विसाव्या ओळीत लाल रेघ फक्त तिच्या नावावर राहिली, बाकीची पुसून गेली. मग खोडलेल्या नावाखाली, दोघांच्या डोळ्यांदेखत, दुसरं नाव उमटलं. लांबट, तिरकं अक्षर. ते कुणाचं हे दोघांनाही विचारावं लागलं नाही. उतरण्याचा रकाना तेवढा कोरा राहिला.

ताईने बायोडेट्यात दोनशे सहा लिहिले. त्या कंपनीकडून साधं उत्तरही आलं नाही. विमानाचं नाव मात्र धाकटीने सोडलं नाही. आठ महिन्यांनी शेतांवर औषध फवारणाऱ्या एका माणसाने तिला ठेवून घेतलं. ती आता चहाचे डाग पडलेल्या जुन्या वहीतच लिहिते. बरं आहे तिचं.

मी सरांच्या कपाटात असते. माझं ते पान वाळलेलं नाही. सर अधूनमधून मला काढतात, रकान्यावर पेन टेकवतात आणि न लिहिताच उचलतात. अंदाजाची वेळ मी धरून ठेवणार नाही, हे त्यांना कळलंय.

म्हणून तुम्हाला हात जोडून विचारते. तुमच्यापैकी कुणी तेव्हा तलावाकाठी होतं का? त्या गुरुवारी दुपारी एक पिवळं विमान पाण्यावर येताना पाहिलं असेल, तर तेव्हा किती वाजले होते एवढंच सांगा. पोर अजून वर आहे हो. इंजिन चालू आहे, आणि तो दर थोड्या वेळाने विचारतोय, उतरू का म्हणून.