गॉलच्या तटावर

"कांता, तू बस इथे. पर्सा बघ, आम्ही पटकन फोटो काढून येतो."

दीप्तीने पर्सा कांताच्या मांडीवर ठेवल्या. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचं दंतमंदिर असं करत ठाकुर्लीच्या या तिघी मैत्रिणी श्रीलंकेच्या टोकाला, गॉलला आल्या होत्या. जुनं बंदर, आणि शहराभोवती समुद्राला लागून दगडी तट. कँडीतही पर्सा कांतानेच सांभाळल्या होत्या.

"अगं, तिलापण येऊ दे की," महानंदा म्हणाली.

"तिला बसायची सवय आहे गं," दीप्ती हसत म्हणाली.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या, रामाच्या उशाशी कांता सहा वर्षं बसून होती, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. रामा गेला त्यालाही आता वर्ष उलटलं होतं. तरी ते वाक्य कांताला लागलं. तिने उठून पर्सा दीप्तीच्या हातात दिल्या.

"मी जरा फिरून येते."

"एकटी? अगं, इथली भाषा तरी येते का तुला?"

"चालायला भाषा कशाला लागते?"

तटावर वारा जोरात होता. एका बाजूला खडकांवर लाटा फुटत होत्या, दुसऱ्या बाजूला लाल कौलांची घरं. कांताने पांढऱ्या साडीचा पदर खोचला. गुडघा कुरकुरत होता, त्याला कुरकुरू दिलं. दीपगृहापाशी एका जोडप्याने खुणेनेच तिला फोटो काढायला सांगितलं. तिने काढून दिला आणि लगेच स्वतःचा फोन त्यांच्या हातात ठेवला.

"मेरा भी. समुद्र पूरा आना मंगता."

पुढे तट वळला आणि एकदम बंदर दिसलं. संथ पाणी, रंगीत होड्या, लांबवर एक मोठं जहाज. 'रामा, बघ रे,' तिच्या तोंडून निघून गेलं. ती थांबली. डोळे भरून आले, तिने ते पुसले नाहीत. मग ती पुन्हा चालू लागली.

इकडे ती गेली त्या दिशेला डोळे लावून दीप्ती आणि महानंदा उभ्या होत्या. कांता त्यांच्या पाठीमागून आली.

"बाई गं! हरवलीस असं वाटलं आम्हाला!" महानंदा म्हणाली.

"हरवते कशी? तट गावाभोवती फिरून इथेच येतो."

दीप्ती हळूच म्हणाली, "मघाशी मी उगाच बोलून गेले."

"सवय नव्हती गं ती, दीप्ती. काम होतं. नीट केलं मी ते."

"तिकडे काय आहे पलीकडे?" दीप्तीने विचारलं.

"बंदर आहे. बस सुटायला अजून वेळ आहे ना? चला, दाखवते."

आणि दुखरा गुडघा सांभाळत कांता पुढे निघाली.