न गळणारं पिल्लू

"पूडल म्हणजे केस गळत नाहीत," सासूबाई गाडीत पुन्हा म्हणाल्या.

"अर्धंच पूडल असलं तरी?"

"अगं, मग काय अर्धे गळतील? काहीतरीच बोलतेस!"

नवरा हसला. मुलगी हसली. मीही हसले, पण माझं कारण वेगळं होतं.

*

ढब्बूबद्दल.

रस्त्यावरचा कुत्रा. एका कानाला खाच, पोट वाटोळं. लग्नाआधीपासून माझा. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि शिंकायला लागल्या. तो खोलीत आला की शिंक. बाहेर गेला की पदर नाकाला. एकदा मी त्याला इंजेक्शनला नेलं होतं. परतल्यावर त्याला खाली बांधून मी एकटीच वर आले, तर जिन्यात माझी पावलं वाजताच आतून शिंकांचा सपाटा. आणि दार उघडून मी एकटीच दिसल्यावर मध्येच अडकलेली एक शिंक.

नवऱ्याला सांगितलं. "केस उरतात गं सोफ्यात," तो म्हणाला. मी सोफ्याची कव्हरं शिवते. सोफ्यात काय उरतं ते मला सांगतो.

मग एका हॉटेलचं मोठं काम आलं, मी बाहेरगावी गेले. परतले तर ढब्बू नाही. "चांगल्या घरी दिलाय," नवरा म्हणाला. त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडे. पत्ता विचारला तर, "आता कशाला उकरून काढतेस?"

सासूबाई त्यानंतर एकदाही शिंकल्या नाहीत.

मी पुन्हा विषय काढला नाही. त्यांना वाटलं, विसरले.

*

मग समोरच्या बिल्डिंगमध्ये एक कुरळं, गुबगुबीत पिल्लू आलं. पूडलचं मिश्रण. सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून त्याला टाळ्या वाजवायच्या. "असलं असतं तर मला काही झालं नसतं हो," शेजारणीला सांगायच्या. मुलीने तेवढंच धरलं, आणि आम्ही तसलं पिल्लू आणायला निघालो.

पिल्लं विकणारी बाई कुंपणाशी उभी होती. आई लॅब्रॅडॉर, बाप पूडल. बाकीची तिघं आत जमिनीवर बसून पिल्लांच्या राशीत हरवलेली. मी तिला हळूच विचारलं, "यातल्या कुठल्याचे केस गळतील?"

"लोक उलटं विचारतात," ती म्हणाली. "ज्याला दाढी-मिशा फुटल्यात, भुवया झुपकेदार, ते बहुतेक गळत नाही. ते पलीकडचं बघा, गुळगुळीत तोंडाचं. ते आईवर गेलंय. ढिगाने गळेल. घरात कुणाला त्रास आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

मी ते पलीकडचं उचललं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याच्या मानेत नाक खुपसलं.

बेत साधा होता. केस गळतील, त्या शिंकणार नाहीत, सगळ्यांना दिसेल. मग त्या कुठे गेल्या असताना मी हे पिल्लू देऊन टाकीन. चांगल्या घरी.

*

मुलीने नाव ठेवलं गुंता.

सोफा: एकही केस नाही.

गालिचा: नाही.

नवऱ्याची काळी पँट: नाही.

ब्रश फिरवला तर मूठभर केस हातात. म्हणजे गळतोय. मग जातात कुठे?

सासूबाईंची उशी: नाही. सासूबाईंचा स्वेटर, बाहीच्या आतून उलटा करून बघितला: नाही, नाही, नाही.

माझीच चिडचिड व्हायला लागली. "काय शोधतेस गं सारखी?" नवरा म्हणाला. "काही हरवलंय का?"

"हो," मी म्हणाले.

*

एका दुपारी मखमल संपली म्हणून कारखान्यातून लवकर आले. सासूबाई सोफ्यासमोर गुडघ्यांवर. हातात भांडी घासायचा रबरी मोजा, ओला. बैठकीवरून तो ओढत होत्या, आणि त्याखाली पिवळट केसांची वळकटी जमत होती. ही युक्ती मीच त्यांना शिकवलेली.

"अगं बाई! आज लवकर?"

"गळतात वाटतं."

"कुठे गं! चार केस. दात येतायत त्याला."

"दात येताना केस गळतात?"

"बाळंतपणात नाही का गळत?"

"तो मुलगा आहे, आई."

त्यांना उठायचं होतं, पण पिल्लू त्यांच्या पावलावर डोकं ठेवून झोपलेलं. त्या तशाच बसून राहिल्या.

"आणि शिंक?" मी विचारलं.

त्यांनी मोज्यावरची वळकटी सोलून मुठीत धरली.

"याला कुणाला देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तू देशील हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये. म्हणून तर रोज... हात जोडते."

"का शिंकायचात?"

"ढब्बू तुझंच ऐकायचा. मी बोलावलं तर मान वळवायचा नाही. मुलाच्या घरात मी पाहुणीसारखी." पिल्लाच्या कानावरून त्यांनी कोरडा हात फिरवला. "हा येतो."

दया आली असती, तर मी पाणी प्यायचं निमित्त काढून आत गेले असते. मी समोर खुर्ची ओढून बसले.

"त्या गिऱ्हाइकाचा नंबर कुठाय?"

"माझ्या फोनमध्ये आहे. पण तुझ्या नवऱ्याला विचारल्याशिवाय..."

"लावा. स्पीकरवर."

पलीकडे एक बाई आली. सासूबाईंनी ओळख सांगितली, ख्यालीखुशाली विचारली, हवेबद्दल बोलल्या. मी बघत राहिले. मग आवाज अगदी बारीक करून, "तो कुत्रा... परत हवा होता. मी तेव्हा खोटं बोलले. मला कुत्र्यांचं काही होत नाही."

"काय? ऐकू येत नाहीये, मोठ्याने बोला."

"मी खोटं बोलले होते!"

शेजारच्या बाल्कनीतलं कपडे झटकणं थांबलं.

"अहो, पण आता नाही देता येणार," बाई म्हणाली. "आमच्या बाबांना त्याच्याशिवाय जेवण जात नाही." फोन बंद झाला.

"नाही म्हणाली," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं. उद्या परत लावा."

"उद्याही नाहीच म्हणेल गं ती."

"मग परवा. ढब्बू घरी येईपर्यंत रोज. माझ्यासमोर, मोठ्याने. तोवर हा इथेच राहील."

त्यांनी मान हलवली. पिल्लू जागं झालं, माझ्याकडे आलं, चप्पल हुंगली. मी पाय मागे घेतला.

"आणि संध्याकाळी तुमचा मुलगा आला की त्यालाही सांगा."

"काय सांगू?"

"आत्ता सांगितलंत तेच. नात घरात असताना."