माईक बंद असतानाचं वाक्य

संसदेत सभागृहाच्या मधोमध लघुलेखकांचं टेबल असतं. दर पाच मिनिटांनी एक उठतो, दुसरा बसतो. भाषण कुणाचंही असो, त्यातली पाचच मिनिटं आपली. त्या दिवशीची ती पाच मिनिटं तिच्या वाट्याला आली.

चर्चा अटकेच्या नव्या कायद्यावर होती. खटला न चालवता माणसाला दोन वर्षं आत ठेवता येईल, असा तो कायदा. कुणीतरी विचारलं, आधीच पकडलेल्यांचं काय? एकच कल्ला उठला. अध्यक्षांनी माईक बंद करायला लावला. पण गृहमंत्री तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. ते म्हणाले, "जे आधीच आत आहेत, त्यांना हा कायदा लागणार नाही." तिच्या पेन्सिलीनं ते टिपलं. हाताची सवय ती.

नक्कल टंकताना मात्र तिनं त्या जागी कंसात एकच शब्द घातला : गोंधळ. माईक बंद, तर वाक्य नाही, हा विभागाचा जुना नियम. कुणी तिला बोल लावला नाही, लावणारही नव्हतं.

दीड वर्षानं वर्तमानपत्रात आलं. एक आई सर्वोच्च न्यायालयात गेली होती. तिचा मुलगा कायदा होण्याआधी पकडलेला, आता त्याच कायद्याखाली अजून आतच. सरकारी वकील म्हणत होते, संसदेच्या मनात वेगळं होतं तर कामकाजाच्या नोंदीत दाखवा. नोंदीत काय, गोंधळ.

तेव्हापासून तिचा हात तिचा राहिला नाही. कोळशावरचं भाषण टिपता टिपता मध्येच ते वाक्य उतरायचं. विभागप्रमुखांनी नक्कल वाचून विचारलं, "बाई, मंत्री खाणीबद्दल बोलतायत, तुम्ही खाणीत कैदी कुठून उतरवलेत?" सगळे हसले. तीही हसली. घरी अभ्र्यांच्या घड्या घालताना बोट कापडावर त्याच वाक्याच्या लघुलिपीतल्या रेघा ओढत चालायचं, आडवं, तिरकं, पुन्हा आडवं. भर दुपारी, लख्ख उजेडात. बोललेलं पण न नोंदलेलं, विरलेलं पण न सरलेलं.

जन्मभर कोर्टात कारकुनी केलेल्या अण्णांनी, तिच्या वडिलांनी, ते बोट पाहिलं आणि तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. कोर्टाला कान नसतात, डोळे असतात, असं पुटपुटत राहिले. मग म्हणाले, "वही आहे का अजून?"

टिपणवह्या वर्षानं फाडायच्या असतात. ही तिनं फाडली नव्हती; का, ते तिलाही सांगता येईना.

"आहे, अण्णा."

"मग नोकरीवर पाणी सोड आणि जा."

वही कोर्टात दाखवायला तिनं सभागृहाची परवानगी मागितली. मिळाली नाही. राजीनामा देऊन ती त्या आईच्या वकिलाकडे गेली.

न्यायालयात सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायमूर्तींनी ती नोंदवली आणि वही वाचायला सांगितली. तिनं वाचली. आठ दिवसांनी आदेश झाला : आधी पकडलेल्या सगळ्यांना सोडा.

बाहेर त्या आईनं तिचा हात धरला. "बाई, एवढं ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही लिहिलंत?"

"ऐकलं होतं मी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आईनं हात सोडला. मग आदेशाची प्रत घ्यायला खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. तिच्यामागे आणखी बायका होत्या. त्यांतल्या एकीचा नवरा गेल्याच महिन्यात आतच वारला होता. तिलाही प्रत हवी होती.