मुकादमाचा कोट

तीस वर्षं शिलाई मशीनवर काढली मी. माझ्या हातचा कपडा आजवर परत आलेला नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. त्या थंडीत मात्र मी माती खाल्ली. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. वय अकरा. दुकानाच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर देखरेख करतो, म्हणून हे नाव. घरात माणसं दोनच, सासूबाई आणि मी, आणि आमच्यात समेट घडवून आणणारा हा एक. थंडी पडली तसा हा पठ्ठ्या हीटरपासून हलेना. खायला मात्र वेळेवर हजर.

शेवटी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या मागच्या मांड्या चाचपल्या. "ताई, सांधे आखडलेत, मांस उतरलंय, आणि पोट सुटलंय. खाणं कमी करा आणि ऊन असताना रोज दोनदा चालवा. सगळी थंडी असाच बसून राहिला, तर पुढे उठायचाच नाही."

उघड्या अंगाने हा थंडीत बाहेर पडणार नाही, हे मला ठाऊक होतं. घरी येऊन लगेच कोट शिवायला घेतला. जाड लोकरी कापड, आत मऊ अस्तर, पोटाखाली पट्टा. मुकादम गाढ झोपला होता. त्याला उठवणं जिवावर आलं, म्हणून निजल्यानिजल्याच माप घेतलं. कोट काय बसला म्हणता! एक सुरकुती नाही.

पण बाहेर नेला की चार पावलं तुरुतुरु टाकायचा आणि बसकण मारायचा. चुचकारलं, रागावले, बिस्किट दाखवलं. ढिम्म. शेवटी रोज उचलून घरी आणायचे. पाचव्या दिवशी भर रस्त्यात मला रडू फुटलं. गेले याचे पाय, असंच वाटलं.

त्या दिवशी सासूबाई दारातून बघत होत्या. काठी टेकत आल्या.

"अगं, पुढचा पाय टाकायला जातो, तिथेच अडतोय तो. माप कधी घेतलंस याचं?"

"झोपला होता तेव्हा."

"गिऱ्हाइकांनाही निजवतेस का टेबलावर?"

मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या खांद्याशी कोटात बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. शिकाऊ पोरीने असं माप घेतलं असतं, तर मी तिला दुकानातून हाकलली असती. मागच्या पायांसाठी रडत होते आणि पुढचे मीच आवळून ठेवले होते. गळ्यात दोरीला अडकवलेली कात्री काढली आणि खांद्याची शिवण तिथेच उसवली.

मुकादमाने अंग झाडलं. एक लांब पाऊल टाकलं, मग दुसरं. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेला तेव्हा मीच धापा टाकत होते. लाज वाटत होती, आणि आनंदही मावत नव्हता.

तेव्हापासून कोट खांद्याला सैल, जेवण मोजून, आणि दुपारी दोन फेऱ्या. पहिल्या फेरीला सासूबाईही येतात आणि मला चालायचं कसं ते शिकवतात. मी ऐकून घेते, दुसरं करणार काय?

काल डॉक्टरांनी पुन्हा मांड्या चाचपल्या. "भरतायत," म्हणाले. निघताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी सवयीने त्याला उचलायला वाकले, तर तो केव्हाच खाली उतरून रस्त्यावर उभा होता.