रिकामी चौकट

"चारशे बारा चित्रं उडवलीस? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस, गाझी?"

नजेत माझ्या टेबलाशी उभी होती. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी जास्त घाबरलो.

"लल्ला नजेत, कोडमध्ये त्यांचं नावच नव्हतं कुठे. वापरात नाहीत ती कशाला सांभाळायची?"

नजेत बावन्न वर्षांची, म्हणून मी तिला लल्ला, म्हणजे ताई, म्हणतो. आधी स्फाक्स शहरात दुकानांच्या पाट्या रंगवायची; गेली अकरा वर्षं आमच्या औषधांच्या अ‍ॅपमधले आयकॉन, ती छोटी छोटी चित्रं, तीच काढते. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते अ‍ॅप. चित्रं वाढत वाढत तेराशेच्या वर गेली होती. स्क्रीनच्या प्रत्येक तुकड्याकडे आपापल्या फाईली. टेलिफोनचं एकच चित्र अकरा ठिकाणी. स्वस्तातल्या फोनवर अ‍ॅप उघडेपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा. मी सगळी चित्रं एका फाईलीत आणली, ज्या तुकड्याला जे हवं ते त्यानं नावानं मागायचं. ज्यांचं नाव कोडमध्ये सापडलं नाही ती पुसून टाकली. शुक्रवारी सकाळी नवं अ‍ॅप लोकांच्या फोनवर गेलं. आमचे साहेब सी लामजेद यांनी माझी पाठ थोपटली. मी काय, हवेतच!

आज सोमवार होता.

"गोळ्यांची नावं कोडमध्ये कशी सापडतील, शहाण्या?" नजेत म्हणाली. "दवाखान्याची नर्स रोज डोस भरते, अर्धी की अख्खी, सकाळ की रात्र. ते शब्द जोडून नाव त्या क्षणी बनतं. पुरतं नाव कुठेच लिहिलेलं नसतं."

मी अ‍ॅप उघडलं. औषधाच्या पानावर गोळीच्या जागी रिकामी चौकट.

"पण तीन दिवसांत एकाचीही तक्रार कशी नाही?"

"त्याचीच मला भीती वाटतेय."

जुनी चित्रं मी परत चढवली, पण ती सगळ्या फोनांवर पोचायला संध्याकाळ होणार होती. सी लामजेद केबिनमधून आले. "दवाखान्याला नीट शब्दांत कळवू. घाई नको."

"शब्द तुम्ही शोधत बसा, सी लामजेद," नजेत म्हणाली आणि तिनं फोन उचलून स्पीकरवर लावला.

निव्वळ चित्रांवर चालणारे एकोणीस जण होते. प्रत्येकाच्या घरी जाऊन, त्यांच्यासोबत बसून तिनं ती चित्रं ठरवली होती. अठरा जणांकडे सुना-नातवंडं होती; त्यांनी दवाखान्याचा कागद वाचून निभावून नेलं होतं. उरला अम बूरावी, म्हणजे बूरावीकाका. एक्क्याऐंशी वर्षांचा, जेबिनियाना गावाच्या पलीकडे ऑलिव्हच्या बागेत एकटा राहणारा. हृदयात नवी झडप बसवलेली. रक्त पातळ राहावं म्हणून त्याला रोज गोळी, कधी अर्धी, कधी अख्खी. ती चुकली तर गुठळी, आणि गुठळी म्हणजे खेळ खलास.

फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चौथ्यांदा मी नजेतकडे बघायचंच टाळलं. या अल्ला, माझ्या हुशारीपायी एक म्हातारा जाऊ नये!

पाचव्यांदा त्यानं उचलला. "अरे हो, हो! बकरी सुटली होती. कोण, नजेत का?"

मी खुर्ची फोनजवळ ओढली.

"अम बूरावी, गोळी घेताय ना?"

"शुक्रवारपासून नाही. चौकट रिकामी येते. म्हटलं, डॉक्टरांनी बंद केली असेल. तूच तर बजावलं होतंस, चित्रात दिसेल तेवढंच घ्यायचं, कमी नाही, जास्त नाही."

नजेतनं मला खूण केली. मी दुसऱ्या फोनवरून नर्सला गाठलं. ती म्हणाली, त्यांना हलू देऊ नका, गाडी घेऊन मीच निघतेय.

"स्वस्थ बसा, अम बूरावी. नर्स येतेय तुमच्याकडे."

म्हातारा हळूच म्हणाला, "पोरी, माझं वाचायला चुकलं का गं?"

नजेतचे डोळे भरून आले. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "नाही हो. तुम्ही बरोबर वाचलंत. चूक आमची."

"मग बरं," तो म्हणाला. "नर्सला तसं सांग. ती मला अडाणी समजायला नको."