एकदाच घेतलेलं नाव

सीताबर्डीत दुसऱ्या मजल्यावर माझं टायपिंग आणि बायंडिंगचं दुकान आहे. लोकांच्या लेखी थीसिस म्हणजे ज्ञान. माझ्या लेखी थीसिस म्हणजे डावीकडे दीड इंच समास, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं. आजवर केलेल्यांतले अकरा थीसिस तर एकाच विषयावरचे निघाले: आपल्याकडच्या दलित बायांची आत्मकथनं आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायांचं आजचं लेखन, तुलनात्मक अभ्यास. पहिले दहा मी न वाचताच टाईप केले. अकरावा नंदिनीचा. तो वाचावाच लागला, कारण ही पोरगी शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि चूक झाली की स्क्रीनवर बोट ठेवायची. बोटाचे ठसे मी पुसत राहायची.

नंदिनी नंदनवन वस्तीतली. वडील गेलेले, आई प्रेमिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया. नंदिनी स्वतः कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे काम बारमाही आणि पगार कधीतरी. पीएच.डी. झाली तरच कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढणार नव्हती.

तिच्या थीसिसमधली लेखिका ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या एका लहान गावची. तिच्या आईला सरकारने लहानपणी घरातून उचलून गोऱ्यांच्या घरी कामाला ठेवलं होतं. ही बाई दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम करायची आणि कपडे वाळेपर्यंत लिहायची. चाळिशीनंतर तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्ही गाजल्या. नंदिनीचा आणि तिचा चार वर्षं ईमेल चालू होता. पुस्तकाबद्दल विचारलं की बाईंचं उत्तर दोन ओळींचं, आणि प्रेमिलाच्या गुडघ्यांची चौकशी पाच ओळींची. मला ही बाई आवडायची. लेखक म्हटले की स्वतःबद्दलच बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तिकडच्या पुस्तकांत सुरुवातीलाच एक सूचना छापलेली असते, की यात मृत व्यक्तींची नावं आहेत, आमच्या लोकांनी सांभाळून वाचावं. पहिल्यांदा टाईप केली तेव्हा मला ती सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी वाटली. छापायची म्हणून छापतात.

थीसिस जमा झाला, परीक्षकांकडे गेला, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागली. तीन आठवडे उरले असताना लेखिका वारली. तिच्या मुलीचा मेल आला. आमच्या लोकांत, तिने लिहिलं होतं, माणूस गेल्यावर त्याचे सगळे विधी होईपर्यंत त्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. वर्ष लागेल, कदाचित जास्त. छापलेलं राहू दे, पण तू बोलताना घेऊ नकोस. नंदिनीने त्याच दिवशी उलट लिहिलं, नाही घेणार.

शब्द देताना पोरीच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. व्हायवाच्या सुरुवातीला थीसिसचं शीर्षक मोठ्याने वाचायचं असतं, आणि शीर्षकातच त्या बाईंचं अख्खं नाव होतं. सोनेरी अक्षरांत मीच घातलेलं.

तिचे गाईड मार्तंड सर म्हणाले, "हे नाटक तिथे करू नको. परीक्षक चिडके आहेत. शीर्षक वाच आणि मोकळी हो."

प्रेमिलाचं वेगळंच. ती दुकानात आली आणि सरळ लेकीला म्हणाली, "तुया आज्याचं नाव लहानू. गाववाल्यायनं जन्मभर लहान्या, लहान्या केलं. छप्पनसाली दीक्षा घेतली तवापासून घरात त्याले लहानूजी म्हणतो आपण, मेल्यावरही, मोठ्यानं. आन् तू नाव गिळाची गोष्ट करून राहिली?"

"आई, आज्याचं नाव दुसऱ्यायनं बिघडवलं, म्हणून आपण मोठ्यानं घेतो," नंदिनी म्हणाली. "इथं तिच्या घरचेच नको म्हणून राहिले. माणूस ज्याईचं, त्याईनं सांगितलं तसंच करा लागन ना."

मीही शहाणपणा केला. "बोलून टाक वं," म्हटलं. "तिकडून कोण ऐकाले येऊन राहिलं?"

नंदिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले.

व्हायवाला मी गेले ती लॅपटॉप सांभाळायला. खुली व्हायवा असते, ऑनलाईन बघायची लिंक सगळ्यांना दिलेली असते आणि ती कोणीही उघडत नाही. परीक्षक बाहेरगावचे होते, कडक इस्त्रीच्या सफारीतले. त्यांनीही त्या बाईंवर पेपर लिहिले होते. समोसे, आलुबोंडे वेळेवर आले होते. प्रेमिला मागच्या रांगेत पांढरी साडी नेसून ताठ बसली होती.

नंदिनी पुढे उभी राहिली आणि शीर्षक वाचू लागली. नावापाशी थांबली, "या लेखिकेच्या" म्हणाली आणि पुढे गेली.

"नाव राहिलं," परीक्षक म्हणाले.

तिने इंग्रजीत कारण सांगितलं, चांगलं सांगितलं. त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर एक नवीन चौकोन उघडला. पन्नाशीची एक बाई, मागे स्वयंपाकघर, हातात कप. खाली आडनाव. ते आडनाव मी चारशे वेळा टाईप केलेलं आहे. लेखिकेची मुलगी होती ती. मी नंदिनीला खुणा केल्या, पण तिची माझ्याकडे पाठ होती.

परीक्षक म्हणाले, ही शैक्षणिक बैठक आहे, तेराव्याचा कार्यक्रम नाही. बोलता बोलता त्यांनी स्वतः ते नाव तीनदा घेतलं. दरवेळी स्क्रीनवरच्या बाईने मान खाली घातली. मला लाज वाटली. दुकानात बसून मी विचारलं होतं, कोण ऐकायला येतंय, आणि ती आलेली होती.

मग परीक्षक ते बोलले, जे या धंद्यात सगळ्यांच्या मनात असतं. "आजकाल थीसिस विकत मिळतात. ज्या मुलीला आपल्या लेखिकेचं नाव सांगता येत नाही, तिनेच हा लिहिला असं मी का मानावं? नाव सांगा, नाहीतर मी सही करणार नाही."

मार्तंड सरांनी डोळे मिटून घेतले. मला उठून सांगावंसं वाटलं, की साहेब, या पोरीने एकेका स्वल्पविरामासाठी माझं डोकं खाल्लं आहे. पण टायपिंगवालीची साक्ष कोण काढतो? नंदिनीने मागे वळून आईकडे पाहिलं. प्रेमिलाला इंग्रजी कळत नाही, पण लेकीला रागावताहेत एवढं कळलं होतं. तिने पदर घट्ट धरला होता.

नंदिनी परत समोर वळली. तिच्या खांद्यांवरून मला कळलं, काय होणार ते. मी माईकचं बटण दाबून आवाज बंद केला.

नंदिनीने नाव घेतलं. पूर्ण आणि स्पष्ट.

"बस, एवढंच," परीक्षक म्हणाले. पुढे तासभर त्यांनी बरे प्रश्न विचारले, आणि तिने अशी उत्तरं दिली की शेवटी त्यांनीच हात जोडले. निकाल इंग्रजीत जाहीर झाला, टाळ्या वाजल्या. साहेब लोक समोशांकडे गेले. प्रेमिला कोणालाच काही न विचारता पेढे आणायला खाली गेली.

मी नंदिनीला ओढत लॅपटॉपपाशी आणलं. "मुलगी हाये तिची. भिऊ नको, तुयं बोलणं गेलं नाही. मी आवाज बंद केला होता." मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. नंदिनी खुर्चीत बसली आणि मी माईक सुरू केला.

बाई हसली. "मधेच आवाज गेला," ती म्हणाली. "काय झालं शेवटी?"

"पास झाले."

"आवाज जायच्या आधीचं मी ऐकलं. ते नाव घेत होते, तू घेतलं नाहीस. आई खूश झाली असती."

गप्प बसायची वेळ हीच होती. मी टेबलाखाली नंदिनीचा हात दाबला. एवढं जुळवून आणलं होतं मी, आणि या पोरीने हात सोडवून घेतला.

"मी घेतलं," ती म्हणाली. "आवाज गेल्यावर. नाहीतर सही करत नव्हते."

पलीकडे बाईने कप खाली ठेवला.

"कितीदा?"

"एकदा."

"मला तीनदा घ्यावं लागलं," ती म्हणाली. "मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर. त्याशिवाय कागद देत नव्हते. अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही."

नंदिनी रडायला लागली. स्क्रीनवरची बाईही रडत होती. तेवढ्यात प्रेमिला पेढ्यांचा डबा घेऊन दारात आली, आणि तिथेच थांबली. लेक पास झाली की नापास, तिला कळेना.